मुंजीच्या फोटोंची डिजिटल चिकटवही : क्रम, मजकूर आणि छपाई याबाबत सल्ला हवा आहे

शेवंती :

नमस्कार. गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या चिरंजीवांची मुंज सांगलीला, म्हणजे माझ्या सासरच्या गावी झाली. छायाचित्रकाराने दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये दोन हजारांच्या आसपास फोटो आहेत, शिवाय नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले वेगळेच. त्याने तयार अल्बमही दिला आहे. पण त्यात मुलगा पानोपानी सोनेरी कमानीखाली उभा आहे, मागे ढग आणि कारंजी आहेत, आणि ज्यांनी आठवडाभर राबून कार्य पार पाडले त्यांचा त्यात पत्ता नाही. म्हणून मी स्वतःच संगणकावर चिकटवही करायचे ठरवले आहे. तीत निवडक फोटो, निमंत्रणपत्रिका, सासूबाईंच्या हस्ताक्षरातल्या याद्या आणि प्रत्येक विधीजवळ चार ओळींचा मजकूर असावा, पीडीएफ सर्वांना पाठवावी आणि दोन-तीन प्रती छापून घ्याव्यात, असा बेत आहे.

पहिली अडचण क्रमाची आहे. घाणा भरण्यापासून भिक्षावळीपर्यंत सगळे लावत गेले तर ग्रहमख (ग्रहांचा होम) आणि पुण्याहवाचन यांनीच निम्मी वही भरते, आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंत होमाच्या धुरापलीकडे काही दिसत नाही. दुसरी अडचण सजावटीची. अशा प्रसंगांसाठी इंटरनेटवर मिळणारे तयार संच पाहिले, तर पांढरी कबुतरे, मेणबत्त्या आणि गुलाबांच्या माळा यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही. तिसरी अडचण अशी, की मी वापरते त्या प्रणालीत मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरे सुटी होतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात; ‘यज्ञोपवीत’ हा शब्द तर एकदाही धड उमटला नाही. याशिवाय सासऱ्यांच्या मुंजीचा एकमेव कृष्णधवल फोटो घरात आहे, तो नातवाच्या फोटोसमोर ठेवायचा आहे. ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजघर :

शेवंतीताई, क्रमाचा प्रश्न तुम्ही विधींच्या बाजूने मांडला आहे, तो माणसांच्या बाजूने मांडून पाहावा असे मी सुचवीन. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, ग्रहमख हे सर्व धार्मिक दृष्ट्या महत्त्वाचे असले तरी कॅमेऱ्याला त्यांत पाट, ताम्हन आणि वाकलेल्या पाठीच दिसतात. त्या सगळ्यांचे मिळून एक पान पुरे. याउलट घाणा भरताना मुसळ धरणाऱ्या सुवासिनी, चौलाच्या, म्हणजे केस काढण्याच्या, वेळी मांडीवर घेऊन बसलेला मामा, मातृभोजन, अंतरपाट, मेखला आणि दंड, गायत्रीचा उपदेश आणि भिक्षावळ या ठिकाणी रेंगाळायला हरकत नाही, कारण तिथे कोणी ना कोणी कोणासाठी तरी काही करत असते.

मातृभोजनाच्या फोटोत बहुतेक जण आई आणि मुलगा एवढेच कापून घेतात. तसे करू नका, पूर्ण पंगत ठेवा. एका ताटात जेवणारे मायलेक मधोमध असावेतच, पण शेजारी अष्टवर्गाला बसलेल्या बटूंपैकी एकाचे लक्ष जिलबीकडे आहे, दुसऱ्याचे सोवळे सुटत आले आहे आणि मागे काकू तूपवाटी घेऊन वाकलेल्या आहेत, हे सगळे दिसले तरच तो फोटो तुमच्या घरचा होतो. गायत्रीच्या उपदेशाचेही तसेच आहे. वस्त्राखाली वडील मुलाच्या कानात मंत्र सांगत असतात, बाहेरून नुसते झाकलेले दोन आकार दिसतात, आणि म्हणून छायाचित्रकार तो फोटो नापसंत करतात. मला विचाराल तर पूर्ण पान द्यावे असा तोच एक फोटो आहे.

मजकुराबद्दल माझे मत थोडे कडक आहे. ‘आनंदाचे क्षण’, ‘सोनेरी आठवणी’ असल्या ओळी लिहू नका, त्या कोणत्याही अल्बममध्ये चालतात. ‘मामा’ एवढेच लिहूनही भागत नाही, कारण वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला कोणाचा मामा हे कळणार नाही. पूर्ण नाव, नाते आईकडचे की वडिलांकडचे, कोणत्या गावाहून आले आणि कार्यात त्यांनी काय केले, एवढे दोन ओळींत बसते. पळसाचा दंड कोणी शोधून आणला, मंगलाष्टके कोणी रचली, सोडमुंज (मुंजीच्या व्रताची सांगता) त्याच दिवशी झाली की नंतर, या गोष्टी आज घरात सर्वांना ठाऊक आहेत म्हणूनच त्या लिहून ठेवल्या जात नाहीत. विधींचा अर्थ लिहिताना गुरुजींना विचारावे. माझ्या नातीची मुंज पुण्याला ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने झाली, आणि त्यांच्या पोथीत प्रत्येक विधीचा मराठी अर्थ दिलेला असल्यामुळे तिच्या वहीचा मजकूर करताना फार शोधाशोध करावी लागली नाही. भिक्षावळीचे पान मात्र मुलाकडूनच लिहून घ्या. पहिली भिक्षा आईची, आणि मग झोळीत लाडू, तांदूळ, नाणी, रंगपेट्या, पुस्तके असे जे जे पडले त्याची यादी त्याच्या स्वतःच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. ती स्कॅन करून तशीच लावावी, टंकलिखित करू नये.

जुळारी :

छपाईच्या व्यवसायात असल्यामुळे तांत्रिक बाजूपुरते लिहितो. माजघरताईंनी सांगितलेली निवड करण्याआधी एक काम उरकून घ्या : सर्व फोटो वेळेनुसार एका रांगेत लावा. मुंजीला सहसा दोन कॅमेरे असतात आणि त्यांची घड्याळे जुळत नाहीत, त्यामुळे एका कॅमेऱ्यात अक्षता पडतात तेव्हा दुसऱ्यात अजून मुलाचे न्हाणे चाललेले असते. दोन्ही कॅमेऱ्यांतून टिपलेला एकच क्षण शोधा. ‘सावधान’नंतर अंतरपाट दूर होतो ती जागा यासाठी उत्तम. दोन फोटोंच्या वेळांत जेवढा फरक आढळेल तेवढा एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फायलींना डिजिकॅम या मोफत प्रणालीतून एकदम लावता येतो. चौल आधी की मातृभोजन आधी, यावर घरात जो वाद होईल तोही परस्पर मिटेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत मात्र मूळ वेळेची नोंद उरत नाही, फायलीच्या नावातली तारीख ही संदेशाची असते. ते फोटो हातानेच जागेवर बसवावे लागतील.

आता आकार. बारा इंची चौरस पान ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके या दराने, छापायचे तर ३६०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात. हल्लीच्या फोनचा ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो त्या पानावर पूर्ण पसरला तरी २५० डीपीआय मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जाने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल राहते, म्हणजे पाच इंचांहून मोठा छापला की तो मऊ, म्हणजे अस्पष्ट, दिसू लागतो. ज्यांचे फोटो तुम्हाला खरोखर हवे आहेत त्यांना तेच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. पानाच्या चारही बाजूंना कापणीसाठी ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडा, मजकूर कडेपासून किमान १ सेंटिमीटर आत ठेवा, आणि दोन पानांवर पसरलेल्या फोटोत कोणाचाही चेहरा मधल्या घडीवर येऊ देऊ नका. हे सांगावे लागते, कारण समूहफोटोत घडीवर नेमक्या आजीच येतात.

अक्षरे तुटण्याचे कारण बहुधा फॉन्ट नसून मांडणीची सोय हे असते. फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरत असाल तर टाइपच्या विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे लागते. मोफत पर्यायांत इंकस्केप देवनागरी नीट हाताळते आणि स्क्रायबस १.५ या आवृत्तीपासून हाताळू लागले. फॉन्ट युनिकोडच घ्या. पत्रिकेचा मजकूर छापखान्यातून जुन्या श्रीलिपी पद्धतीच्या फायलीत आला असेल तर तो चिकटवल्यावर निरर्थक चिन्हे दिसतील, तो पुन्हा टंकलिखित करणेच बरे. मुक्त, बालू आणि टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही फॉन्ट विनामूल्य आहेत. त्यांपैकी शेवटच्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची आपल्या पाठ्यपुस्तकांतली वळणे मिळतात. निवडलेल्या फॉन्टात ‘यज्ञोपवीत’, ‘मौंजीबंधन’, ‘दुसऱ्या’ आणि ‘आत्याच्या’ हे चार शब्द लिहून पाहा, ते उमटले तर बाकीचेही उमटतील. गायत्री मंत्र स्वरचिन्हांसह देणार असाल तर अक्षराखालची आडवी आणि अक्षरावरची उभी रेघ नेमक्या जागी बसते की नाही, हे गुरुजींना दाखवून मगच छापा.

सजावटीसाठी संच शोधतच बसू नका. घरात मेखलेचे मुंज गवत, अक्षता, मुंडावळ्या, मुलाच्या उपरण्याचा काठ हे सगळे असेलच. स्कॅनरच्या काचेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर वस्तू ठेवा आणि झाकण न लावता वरून काळे कापड धरा. काळी पार्श्वभूमी नंतर सहज काढून टाकता येते. हळदकुंकू मात्र काचेजवळही नेऊ नका. पत्रिकेवरची सोनेरी छपाई स्कॅनरमध्ये काळपट तपकिरी येते, म्हणून पत्रिकेचा फोटो खिडकीशी, बाजूने येणाऱ्या उजेडात काढावा.

शेवंती :

माजघरताई, जुळारी, मनःपूर्वक आभार. अक्षतांच्या क्षणावरून दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवण्याची युक्ती फारच उपयोगी पडली, आणि घरातला वाद मिटला; निकाल सासूबाईंच्या बाजूने लागला. आता दोन गोष्टी राहिल्या आहेत. मंगलाष्टके माझ्या नणंदेने स्वतः रचून म्हटली होती, त्यांचे ध्वनिमुद्रण आहे. छापील पानावर क्यूआर कोड देऊन ते ऐकवता येईल का? दुसरे असे, की पीडीएफ तयार झाल्यावर ती सरळ कुटुंबाच्या गटावर टाकावी, की काही काळजी घ्यावी? आमच्या गटात नेमके कोण कोण आहे हे आता कोणालाच नीट ठाऊक नाही.

पाचूबंदर :

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे मुलीच्या पहिल्या पवित्र कम्युनियनची (चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या संस्काराची) अशीच वही केली होती, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. तुम्हाला त्रास देणारी ती कबुतरे आणि मेणबत्त्या बहुतेक आमच्याच प्रसंगासाठी केलेली असतात, पण खरे सांगायचे तर त्यांत वसईचे असे आम्हालाही काही सापडत नाही, आणि अखेर आम्हीही सजावट घरातूनच गोळा केली.

आमच्याकडे हा संस्कार एका मुलाचा नसतो. धर्मग्रामातली, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली, त्या वर्षीची सगळी मुले, साधारण आठ-नऊ वर्षांची, पांढऱ्या कपड्यांत एकाच मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) बसतात. त्यामुळे मुलीच्या जवळपास प्रत्येक फोटोत दुसऱ्या कोणाची तरी मुले आहेत. छापील प्रतीत ते फोटो ठेवायला कोणाची हरकत नव्हती, पण जी फाइल फोनवरून फोनवर फिरणार तिच्याबाबत आम्ही त्या पालकांना आधी विचारले. एका कुटुंबाने नको म्हटले, तेव्हा त्या पानावर वेदीच्या बाजूने घेतलेला पाठमोरा फोटो लावला. तुमच्या अष्टवर्गाच्या बटूंनाही हेच लागू होईल असे वाटते, कारण तीही दुसऱ्यांची मुले आहेत आणि बहुधा उघड्या अंगाने बसलेली आहेत. तुमच्या मुलाचे न्हाण्याचे आणि लंगोटीतले फोटोही छापील प्रतीपुरते ठेवावेत, गटावर पाठवायच्या प्रतीत घेऊ नयेत. तो उद्या सातवी-आठवीत जाईल आणि ती फाइल त्याच्या एखाद्या वर्गमित्राच्या फोनवरही पोहोचलेली असेल. आज त्याला हसू येत असले तरी कोणते पान नको हे एकदा त्यालाच विचारा.

माजघर :

पाचूबंदर यांचे म्हणणे पटले, त्यात एवढीच भर घालते. पाठवायच्या प्रतीत मुलाची पूर्ण जन्मतारीख, जन्मवेळ आणि आईचे माहेरचे आडनाव एकत्र देऊ नये. पत्रिकेवर हे सगळे, शिवाय घरचा पत्ता आणि फोन असतो, आणि पत्रिकेचा फोटो आपण निःशंकपणे पहिल्याच पानावर लावतो. आहेराच्या वहीचे पान हस्ताक्षरासाठी कितीही सुंदर असले तरी त्यावर रकमा आहेत. ते लावलेत तर पुढच्या कार्यापर्यंत त्याचीच चर्चा पुरेल. त्याऐवजी सासूबाईंची वाणसामानाची यादी लावा.

दस्तऐवज :

जतनाच्या दृष्टीने काही मुद्दे. सासऱ्यांचा कृष्णधवल फोटो ६०० डीपीआयने, टिफ स्वरूपात आणि रंगीतच स्कॅन करा. फोटो कृष्णधवल असला तरी त्याची तांबूस झाक आणि डाग ही माहितीच असते, आणि रंगीत स्कॅनवरून पुढे राखाडी प्रत केव्हाही करता येते. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तिथी किंवा एखादे नाव तिथे असण्याची शक्यता असते. फोटो चिकट पानांच्या प्लॅस्टिक अल्बममध्ये असेल तर ओढून काढू नका. त्या पानांवरचा डिंक वर्षानुवर्षे कागदात मुरतो आणि फोटो सालीसारखा सुटतो. अशा वेळी प्लॅस्टिक उचलून पानासकट स्कॅन करणे सुरक्षित. दुरुस्ती स्कॅनच्या प्रतीवर करा, मूळ स्कॅनला हात लावू नका. संगणकाकडून रंग भरून घेण्याचा मोह मात्र आवरावा. आजोबांच्या सोवळ्याचा रंग त्या प्रणालीला ठाऊक नाही. ती काहीतरी भरते, आणि पुढच्या पिढीला तेच खरे वाटते.

क्यूआर कोडविषयी : कोड कागदावर टिकतो, पण तो ज्या दुव्याकडे नेतो तो दुवा टिकेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. खाते बंद झाले, जागा भरली, परवानगीची सोय बदलली, की कोड मुका होतो. कोड द्यायचा तर द्या, पण पानावर मंगलाष्टकांचे शब्द पूर्ण छापा, आणि ध्वनिफीत वहीच्या फायलींसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, म्हणजे तुमच्या बाबतीत सांगलीला. पेनड्राइव्ह ही साठवणीची जागा नव्हे, ती फक्त ने-आणीची सोय आहे.

छायाचित्रकाराच्या फोटोंवर काम करावे की नाही, अशी शंका कोणी काढील म्हणून लिहून ठेवतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचे पहिले स्वामित्व, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे असते. म्हणून पावतीवर किंवा करारपत्रावर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. त्यात वेगळे काही नसेल तर प्रश्न मिटला. मात्र मूळ न दाबलेल्या फायली द्यायच्या की नाहीत हा व्यवहाराचा भाग आहे, त्या वेगळ्या मागाव्या लागतात आणि लवकर मागितलेल्या बऱ्या, कारण पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर त्या पुसून जागा मोकळी करण्याची पद्धत आहे.

शेवंती :

सर्वांच्या सूचना वाचून आता असे ठरवले आहे. दोन स्वतंत्र फायली करायच्या : छपाईची पूर्ण, आणि पाठवायची वेगळी, तीत न्हाण्याचे पान, पत्रिकेचा पत्त्याचा भाग आणि अष्टवर्गाचा जवळून घेतलेला फोटो नसेल. मुलाला विचारले तेव्हा त्याने चौलाचे पान ठेवायला परवानगी दिली, पण मामाच्या मांडीवर रडतानाचा फोटो काढून टाकायला सांगितला. तो काढला आहे. सासऱ्यांच्या जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘नृसिंहवाडी’ असे लिहिलेले सापडले. त्यांची मुंज वाड्यावर झाली असेच आम्ही आजवर समजत होतो, म्हणून सासऱ्यांकडून ती हकीकत लिहून घेत आहे.

जुळारी, एकच विचारायचे आहे. छपाईवाले सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीतली) फाइल मागतात, तर दुसरे एक जण साधी जेपेग चालेल म्हणतात. यात बरोबर कोण?

जुळारी :

दोघेही आपापल्या यंत्रापुरते बरोबर आहेत. फोटो-कागदावर छापणाऱ्या लॅबला एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीतली उच्च दर्जाची जेपेग लागते, तर ऑफसेट किंवा तत्सम यंत्रावर छापणारे सीएमवायके पीडीएफ मागतात. तुम्हाला दोन-तीनच प्रती हव्या आहेत, तेव्हा फोटो-कागद आणि पान पूर्ण सपाट उघडणारी बांधणी घ्या. घडीत काही हरवत नाही. काम चालू असताना जेपेग पुन्हा पुन्हा जतन करू नका, दर वेळी थोडा दर्जा उतरतो. मूळ थरांची फाइल ठेवा आणि जेपेग शेवटी एकदाच काढा. आणि संपूर्ण वही छापायला देण्याआधी मातृभोजनाचे आणि होमाचे अशी दोन पाने नमुना म्हणून छापून घ्या. पडद्यावर केशरी दिसणारी ज्वाला कागदावर विटकरी होते आणि सोवळ्याचा तांबडा रंग काळवंडतो, हे त्या दोन पानांवरच कळेल. उजेड थोडा वाढवायचा की नाही ते मग दिवसाच्या प्रकाशात पाहून ठरवा, ट्यूबलाइटखाली नको. आजोबांची हकीकत आली की त्या पानाला मजकुरासाठी जागा वाढवावी लागेल, त्यामुळे पानांचे आकडे सध्या घालू नका.